वेबसाइटचा भाव : काढावा कसा आणि लिहून द्यावा कसा

भिवंडी, मालेगाव, मुंब्रा अशा वस्त्यांतून गेल्या काही वर्षांत एक नवा कारागीर उभा राहिला आहे. त्याच्याकडे माग नाही, शिलाई मशीन नाही. एक संगणक आणि इंटरनेटची जोडणी एवढेच त्याचे भांडवल. तो वेबसाइट बनवतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा वेबसाइट ही मोठ्या कंपन्यांची गोष्ट होती. आज घाऊक कापडवाला, फर्निचरवाला, अत्तराचा व्यापारी, चपला बनविणारा कारखानदार, सर्वांनाच ती हवी असते. म्हणजे कामाला तोटा नाही.

तरीही यांतले कित्येक तरुण वर्ष-दोन वर्षांत धंदा गुंडाळून कुठेतरी नोकरीला लागतात. हुन्नर असतो, मेहनतही असते, पण भाव सांगता येत नाही. गिऱ्हाइकाने तोंड वाकडे केले की हे भाव निम्म्यावर आणतात, मग काम अर्धवट राहते आणि दोन्हीकडे कटुता येते. आम्ही कापडाचे व्यापारी आहोत. संगणकाचे तंत्र आमचे नव्हे, पण मालाचा भाव कसा निघतो आणि कशाने बुडतो हे पाहण्यातच आमचे आयुष्य गेले आहे. वेबसाइट बनविणाऱ्याने आणि बनवून घेणाऱ्याने, दोघांनीही हा हिशेब समजून घ्यावा म्हणून हा लेख.

तीन कोटेशन, तीन निराळे माल

एखाद्या दुकानदाराने वेबसाइटसाठी तीन ठिकाणी विचारणा केली. समजा एकाने ८ हजार सांगितले, दुसऱ्याने ३२ हजार, तिसऱ्याने ९० हजार. दुकानदाराला वाटते, पहिला अडाणी आहे आणि तिसरा लुटारू आहे. बहुधा दोन्ही समज चुकीचे असतात. तिघांनी तीन निरनिराळ्या वस्तूंचे भाव सांगितलेले असतात. पहिल्याने तयार साच्यात नाव-पत्ता टाकून द्यायचे ठरविले आहे. दुसऱ्याने दुकानाला शोभेल अशी मांडणी आणि मालाची यादी धरली आहे. तिसऱ्याने ऑनलाइन विक्री, पैसे घेण्याची सोय आणि साठ्याचा हिशेब हे सर्व धरले आहे.

कापडात असे होत नाही. "कापड द्या" एवढ्यावर कोणी भाव सांगत नाही. पन्हा किती, सुताचा नंबर कोणता, एका इंचात ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे किती, हे आधी ठरते. यंत्रमागाची मजुरीसुद्धा पिकावर ठरते. एका इंचात बाण्याचे धागे जितके, तितके पिक, आणि दर पिकाला इतके पैसे. पिक वाढले की मीटरमागे मजुरी वाढते, यात कोणाला अन्याय वाटत नाही. वेबसाइटच्या धंद्यातही हेच हवे. मालाचे वर्णन आधी, भाव नंतर. फोनवर "वेबसाइटचे किती घेता?" असे कोणी विचारले तर उत्तरात आकडा सांगू नये, आपणच पाच प्रश्न विचारावेत. पाने किती? माल दाखवायचा आहे की विकायचाही आहे? फोटो आणि मजकूर कोण देणार? भाषा एक की दोन-तीन? आणि नंतर ती सांभाळणार कोण?

एकदाचा खर्च आणि दरवर्षीचा खर्च

पुष्कळ भांडणे या दोहोंची सरमिसळ झाल्याने होतात. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, कायमचे विकत मिळत नाही. ते ठराविक वर्षांसाठी नोंदविले जाते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. वेबसाइट ज्या संगणकावर ठेवली जाते त्या जागेचे, म्हणजे होस्टिंगचे, भाडेही असेच महिन्याचे किंवा वर्षाचे असते. हे दोन्ही खर्च दुकानाच्या भाड्यासारखे चालू राहणारे आहेत. मांडणी करणे, पाने बांधणे, माल चढविणे हा खर्च दुकानातल्या फर्निचरसारखा, एकदाचा.

२००३ साली आलेले वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. म्हणून काही गिऱ्हाईक म्हणतात, "सामान तर फुकट आहे, मग पैसे कशाचे?" त्यांना सांगावे की सुई-दोरा स्वस्त असतो म्हणून शेरवानीची शिलाई कमी होत नाही. शिवाय हे सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे लागते आणि साऱ्या वेबसाइटची प्रत जपून ठेवावी लागते. न केल्यास वेबसाइटमध्ये परके लोक शिरतात. म्हणून देखभालीचा दर वर्षाच्या करारावर वेगळा लिहावा. त्यात महिन्याला किती तासांचे किरकोळ बदल येतात, तेही लिहावे.

तासाचा खरा दर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपला तास केवढ्याला विकावा? समजा एका तरुणाला घरखर्चासाठी महिन्याला ३०,००० रुपये लागतात. तो सरळ भागाकार करतो : २६ दिवस, रोजचे ८ तास, म्हणजे तासाला १४४ रुपये. मग १५० रुपये दर धरून तो समाधानी होतो. नुकसानीची सुरुवात इथूनच होते.

धंद्याचा खर्च त्याने धरलेला नाही. वीज, इंटरनेट, फोन, जाणे-येणे, सॉफ्टवेअरच्या वर्गण्या आणि संगणकाची झीज मिळून महिन्याला १०,००० धरू. घरखर्चासह महिन्याचे ४०,००० आणि वर्षाचे ४,८०,००० झाले. आता विकता येण्याजोगे तास मोजू. ३६५ दिवसांतून ५२ आठवडी सुट्या गेल्या. ईद, लग्नकार्ये, आजारपण यांचे ३३ दिवस गेले. राहिले २८०. दिवसाला आठ तास बसले तरी आठही तास गिऱ्हाइकाच्या नावे लिहिता येत नाहीत. नवीन काम शोधणे, कोटेशन तयार करणे, वसुलीचे फोन, नवे तंत्र शिकणे यांत तीन तास सहज जातात. राहिले पाच. म्हणजे वर्षाचे १,४०० तास. ४,८०,००० ला १,४०० ने भागले की ३४३ रुपये येतात.

ही झाली पडतळ. यात नफा नाही, बुडीत रकमेची तरतूद नाही, रिकाम्या महिन्याची शिल्लक नाही. त्यासाठी २० टक्के मिळविले की दर सुमारे ४१० रुपये होतो. जो १५० रुपयांनी तास विकतो, तो प्रत्येक तासाला १९३ रुपये पदरचे घालतो. हे पैसे कुठून येतात? कधी आईच्या बचतीतून, कधी भावाच्या पगारातून. घर सोसत असते तोवर धंदा चालल्यासारखा वाटतो. आमचे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हा हिशेब एकदा कागदावर करावाच.

कामाचे तास कसे मोजावेत

संपूर्ण वेबसाइटचे तास एकदम कोणालाच सांगता येत नाहीत. कामाचे तुकडे पाडले की अंदाज जवळ जातो. घाऊक कापड व्यापाऱ्याची पाच पानांची वेबसाइट आणि ४० नमुन्यांची यादी असे काम धरू. बोलणे आणि कच्चा आराखडा ६ तास, मांडणी १४ तास, पाने बांधणे २० तास. एका नमुन्याला पाव तास याप्रमाणे ४० नमुने चढविणे १० तास. चौकशीचा अर्ज, नकाशा आणि व्हॉट्सॲपची जोडणी ४ तास. मोबाइलवर व निरनिराळ्या संगणकांवर तपासणी ८ तास. गिऱ्हाइकाला शिकवून ताबा देणे ३ तास. एकूण ६५ तास.

यावर अडचणींसाठी २० टक्के धरावेत. काम ७८ तासांचे झाले. ४१० च्या दराने ३१,९८०, म्हणजे ३२ हजार रुपये. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे याशिवाय, प्रत्यक्ष लागतील तेवढे. हेच काम १५० च्या दराने आणि अडचणींचे तास न धरता घेणारा ९,७५० सांगेल. पण काम खरोखर ७८ तास चालले तर ३४३ च्या पडतळीने त्याचा स्वतःचा खर्च २६,७५४ होतो. म्हणजे एका कामात १७ हजारांचे नुकसान. अशी कामे जितकी जास्त मिळतील तितका तो लवकर बुडेल. स्वस्त भावाने कामांची रांग लागली म्हणून आनंद मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

उक्ते, रोजंदारी की महिनेवारी?

भाव सांगण्याच्या तीन रीती आपल्या कारागिरांना पूर्वीपासून ठाऊक आहेत. काम स्पष्ट असेल तर उक्ते घ्यावे. गिऱ्हाइकाला एकच आकडा कळतो आणि जलद काम करणाऱ्याला त्याच्या हातोटीचा फायदा मिळतो. काम अस्पष्ट असेल, कोणाची जुनी बिघडलेली वेबसाइट दुरुस्त करायची असेल, तर तासाचा दर लावावा, मात्र "इतक्या तासांपुढे विचारल्याशिवाय जाणार नाही" अशी मर्यादा लिहून द्यावी. नाहीतर गिऱ्हाइकाला झोप लागत नाही. देखभालीला महिनेवारी किंवा वार्षिक करार बरा.

मोठे काम असेल आणि गिऱ्हाइकालाच काय हवे ते नक्की ठाऊक नसेल, तर आधी फक्त आराखड्याचे छोटे काम घ्यावे आणि त्याचे वेगळे पैसे घ्यावेत. घर बांधण्यापूर्वी नकाशाचे पैसे आपण देतोच ना? आराखडा हाती आला की गिऱ्हाईक तो घेऊन दुसरीकडेही जाऊ शकते, आणि कारागिराची मेहनत फुकट जात नाही.

आता तयार साधने आली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने साधी वेबसाइट घटकाभरात उभी राहते. म्हणून केवळ तासावर भाव लावणाऱ्याची कमाई घटत जाणार. मालाची मांडणी कशी केली म्हणजे चौकशी येईल हे ज्याला कळते, चांगले फोटो जो काढवून घेतो, आणि वेबसाइट बंद पडली की ज्याचा फोन लागतो, त्याला मात्र उक्त्या कामाचा योग्य भाव मिळत राहील. यापुढे पैसे मिळतील ते समजेचे आणि जबाबदारीचे.

कोटेशनमध्ये काय लिहावे

व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आपल्याला नवी नाही. तरी दुकानात सर्वाधिक आळस याचाच होतो. एका पानाचे कोटेशन पुरे आहे, पण त्यात पुढील बाबी असाव्यात.

पहिली, कामाचे वर्णन : पानांची संख्या, नमुन्यांची संख्या, भाषा. दुसरी, काय धरलेले नाही : फोटो काढणे, मजकूर लिहिणे, भाषांतर, जाहिरात. तिसरी, बदल किती वेळा. मांडणीत दोन वेळा बदल भावात धरले आहेत, तिसऱ्यापासून तासाचा दर लागेल, असे स्पष्ट लिहावे. चौथी, मुदत, आणि ती कोणत्या दिवसापासून मोजायची. गिऱ्हाइकाने फोटो आणि मजकूर दिल्या दिवसापासून मोजावी. बहुतेक कामे फोटोंसाठीच अडून राहतात. पाचवी, पैशांचे हप्ते. सहावी, भाव किती दिवस बांधील राहील. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे प्रस्ताव स्वीकारला जाण्यापूर्वी मागे घेता येतो. पण सहा महिन्यांनी जुना कागद घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी वाद नको असेल, तर "हे दर ३० दिवसांसाठी" ही एक ओळ पुरते.

सातवी बाब कराची. भाव करासह आहे की कर वेगळा, हे लिहावे. आपल्या राज्यात केवळ सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. नोंदणी असेल तर या कामावर १८ टक्के कर येतो. ३२ हजारांवर तो ५,७६० होतो. आधी सांगितला नाही तर तो कारागिराच्या खिशातून जातो. आखाती देशांतल्या आपल्या नातेवाइकांच्या आणि ओळखीच्या दुकानांसाठी काम करणाऱ्यांनी भाव कोणत्या चलनात आणि बँकेचा खर्च कोणाचा, हेही लिहावे.

आठवी बाब मालकीची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. पैसे देऊन वेबसाइट बनवून घेतली की सर्व हक्क आपले झाले, असे व्यापारी समजतात. तसे नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तोच असतो. हक्क दुसऱ्याकडे द्यायचे ते लेखी द्यावे लागतात. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. तेव्हा "संपूर्ण पैसे मिळाल्यावर सर्व हक्क कायमचे आणि सर्व देशांसाठी गिऱ्हाइकाचे" असे एक वाक्य दोघांच्याही फायद्याचे आहे.

डोमेन तर गिऱ्हाइकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर नोंदवावे. आमच्या परिचयाच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या दुकानाचे नाव बनविणाऱ्याने स्वतःच्या नावावर नोंदविले होते. पुढे तो परगावी गेला, फोन बदलला, नूतनीकरण राहून गेले आणि नाव हातचे गेले. पाट्यांवर, बिलांवर, पिशव्यांवर छापलेला पत्ता निरुपयोगी झाला. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असणे ही अमानत आहे, अडवणुकीचे हत्यार नव्हे, हे बनविणाऱ्यांनी विसरू नये.

हप्ते आणि वसुली

आमच्या मते ४०, ३० आणि ३० टक्के हा हिशेब रास्त आहे. पहिला हप्ता काम सुरू करताना, दुसरा मांडणी पसंत झाल्यावर, तिसरा वेबसाइट सर्वांसाठी खुली करण्यापूर्वी. आगाऊ रक्कम मागण्यात लाज कसली? दर्जीसुद्धा कापड घेताना काही रक्कम घेतो. उधारीने कापडाच्या धंद्यात किती पेढ्या बसल्या हे आपण जाणतो. नव्या कारागिरांनी तरी तो रोग लावून घेऊ नये.

कायदाही मदतीला आहे. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या तारखेला, आणि काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. लेखी ठराव नसेल तर १५ दिवसांत. सेवा देणारेही यात येतात. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे, सरकारी संकेतस्थळावर होते आणि तिला पैसे पडत नाहीत. ती काम घेण्यापूर्वीच करून ठेवावी. या कायद्यात उशिरावर व्याजाची तरतूद आहे. आपल्यातले बहुतेक जण ते घेणार नाहीत, पण मुदतीचा नियम तर सर्वांच्या उपयोगाचा आहे. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च प्राप्तिकरात, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. बिलावर उद्यम क्रमांक छापला की मोठ्या खरेदीदाराचा हिशेबनीस आपणहून लक्ष देतो.

घासाघीस कशी करावी

आता व्यापारी बंधूंसाठी दोन शब्द. भाव पाडून मागणे आपल्या रक्तात आहे आणि त्यात गैर काही नाही. पण भाव कमी करायचा तर काम कमी करून घ्यावे. ३२ हजार जड वाटत असतील तर ४० नमुन्यांऐवजी १५ नमुने घ्या, फोटो-मजकूर स्वतः तयार करून द्या, दुसरी भाषा पुढच्या वर्षी घ्या. बनविणाऱ्यानेही दर तोच ठेवून कामातून काय वजा होईल ते सांगावे. दर एकदा निम्मा केला की पहिला भाव खोटा होता असेच गिऱ्हाईक समजते, आणि मग ते पुढच्या वेळी पाव भाव मागते.

भाव पाडला पण काम तेवढेच मागितले, तर काय होते? मागावर जे होते तेच. ५२ पिकाचे ठरवून ४८ चे विणले जाते. वरून कापड सारखेच दिसते, पहिल्या धुलाईनंतर कळते. वेबसाइटमध्ये तपासणी गाळली जाते, मोबाइलवर पान मोडते, प्रत ठेवलेली नसते, आणि हे कळते ते ऐन हंगामात. पिक कमी करायचेच असतील तर गिऱ्हाइकाला सांगून करावेत. त्यात दोघांचेही इमान राहते.

शेवटी एक साधी सवय सांगतो. प्रत्येक कामाचे तास रोज संध्याकाळी वहीत लिहावेत. किती धरले होते, किती लागले आणि फरक कशामुळे पडला. चार-पाच कामांनंतर आपले अंदाज कुठे फसतात ते त्या वहीतून दिसेल, आणि पुढचा भाव शेजाऱ्याला विचारावा लागणार नाही. दुकान कापडाचे असो की संगणकाचे, आपली पडतळ ज्याला तोंडपाठ आहे त्याला गिऱ्हाइकासमोर अडखळावे लागत नाही.